सोवळं अर्थिंग

उदगीरकर साहेबांनी आयुष्यात काय जोडलं नाही ते विचारा. मंत्र्यांचे स्वीय सहायक जोडले, दोन विद्यापीठांच्या समित्या जोडल्या, नावापुढं लावायला जपानहून एक पदवी आणून तीही जोडली. फक्त दोन तांब्याच्या पट्ट्या त्यांना कधी जोडवल्या नाहीत. कौसल्या ढवळेचं त्यांच्याशी भांडण होतं ते तेवढ्या दोन पट्ट्यांपुरतंच. बाकीचं सगळं तिनं केव्हाच माफ केलं असतं.

टाकळखड्याचं पठार बालाघाटच्या रांगेत. वर काळा कातळ, त्यावर पोळीला तूप लावावं तितकी माती, आणि पाच रेडिओ टॉवर. एप्रिल-मेमध्ये तिथं पाऊस येतो-न येतो, विजा मात्र नेमानं येतात. खालच्या एकोणीस गावांना ‘गुरं आत घ्या, झाडाखाली थांबू नका’ असं सांगणारा सूचना-रेडिओ याच टॉवरांवरून बोलतो. म्हणजे विजेची खबर द्यायची, ती विजेच्याच तोंडात उभं राहून.

टॉवरवर पडलेली वीज जमिनीत मुरवायची, तर तांब्याच्या पट्ट्या खाली खड्ड्यांत न्याव्या लागतात. ते अर्थिंग. टॉवरच्या पायथ्याशी यंत्रांची खोली असते, तिला सगळे शेल्टर म्हणतात. तिच्यातल्या नाजूक यंत्रांनाही अर्थिंग लागतं. उदगीरकर साहेबांचं म्हणणं असं, की टॉवरचं अर्थिंग म्हणजे गटार. आभाळातली घाण त्यातून वाहणार. माझ्या महागड्या यंत्रांनी त्या गटारात पाय का घालावा? यंत्रांचा खड्डा वीस मीटर लांब हवा, वेगळा हवा, आणि दोन्हींची शिवाशिव होता कामा नये. साहेब या टॉवरांच्या रेडिओ मंडळाचे इंजिनिअर, म्हणून मंडळातली माणसं समोर याला ‘साहेबांची पद्धत’ म्हणत आणि पाठीमागं ‘सोवळं अर्थिंग’.

ऐकायला पटतं, हीच त्यातली खोड. कातळात वीज पटकन मुरत नाही. तीस हजार अँपिअरचा लोट दहा ओहमच्या वाटेनं खाली शिरू लागला, की टॉवर आणि टॉवरला बांधलेलं सगळं लोखंड क्षणभर तीन लाख व्होल्टवर चढतं. वीस मीटरवरच्या सोवळ्या खड्ड्याला त्याचा पत्ताच नसतो. त्याला जोडलेली यंत्रं आपली शून्यावर. आता शेल्टरच्या आत बघा: वरून येणारा केबलचा ट्रे टॉवरच्या गोतातला, यंत्रांचा रॅक सोवळ्याच्या गोतातला, आणि दोघांत हातभर अंतर. पूर चढतो तेव्हा होडीत बसलेला माणूस होडीबरोबर वर जातो, त्याला काही होत नाही. एक पाय होडीत आणि एक काठावर असलेला फाटतो. दोन्ही अर्थिंग एका पट्टीनं जोडा, सगळी खोली एकदम चढते, एकदम उतरते, आतल्या माणसाचा चहाही हिंदकळत नाही.

१४ मे २०३१ रोजी दुपारी साडेचारला कौसल्याचा नवरा दिगंबर टॉवर एकच्या शेल्टरमध्ये उभा होता. एक हात रॅकवर, एक हात ट्रेवर.

उदगीरकर साहेबांनी चौकशी अहवाल स्वतः लिहिला. पान अकरावर असं आहे: दोन्ही अर्थिंग तीन वर्षांपूर्वीच नियमाप्रमाणे जोडलेली होती. जोडपट्टी जागेवर आढळली. मृत कर्मचाऱ्यानं रबरी चटईवर उभं न राहता निष्काळजीपणा केला. घटना नैसर्गिक आपत्ती.

कौसल्या दुसऱ्या दिवशी दिगंबरचा डबा आणि चपला आणायला वर गेली होती. तेव्हा तिला ओहम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण तांबं माहीत होतं. माहेरी देवाची भांडी रोज सकाळी तिच्याच वाट्याला असायची. शेल्टरमधल्या सगळ्या पट्ट्या काळ्या-तपकिरी पडलेल्या. एक मात्र चिंच लावून आत्ताच घासल्यासारखी लालबुंद, कडेला करवतीचा कीसही तसाच. तीन वर्षं जुनं तांबं असं दिसत नाही. चार दिवसांचंही दिसत नाही.

तक्रार तिनं केली नाही. लेकीला शेजारणीकडे ठेवून अनुकंपेची नोकरी घेतली, झाडूवाली म्हणून लागली, तंत्रशाळेची संध्याकाळची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली, आणि चौदा वर्षांत या पठारावरची सगळ्यात पक्की अर्थिंग तपासनीस झाली. या चौदा वर्षांत साहेबांनी तिच्यासमोर दिगंबरचं नाव चार वेळा घेतलं. त्यात दोनदा पीतांबर म्हणाले. हे तिनं मोजलं होतं.

तेराव्या वर्षी पठारावर ‘वाटाड्या’ आला.

तो म्हणजे एक लेझर. सेकंदाला हजारदा लुकलुकणारा, टॉवरच्या शेंड्याला घासून ढगाकडे जाणारा किरण. किरण जिथून जातो तिथली हवा तापते, फाकते, विरळ होते. विरळ हवेतून ठिणगीला धावायला सोपं. गुराला कासऱ्यानं ओढून हव्या त्या खुंट्याला बांधावं, तशी वीज हव्या त्या टॉवरवर आणता येते. पाच टॉवरांना पाच किरण, आणि त्यांचा चालक टॉवर दोनपाशी एका काँक्रीटच्या खोलीत. चालकाच्या जागेला अर्ज तिघांचे आले. अर्थिंग समजणारी कौसल्या एकटीच होती.

पहिल्या मोसमात रानात एक माणूस मेला नाही, एक म्हैस मेली नाही. लोक पेढे घेऊन आले. त्यांच्याबरोबर दुसरंही आलं. भिकाजी शिंगाडे नावाचा शेतकरी एकदा दारात चपला काढून बसला.

“ताई, आमच्या बोअरवर नको बरं का.”

“नाही पडणार, काका. टॉवरवरच घेते मी.”

“मग जगन्नाथच्या बोअरवर पाडता येतीय का?”

“का हो?”

“बांध कोरलाय त्यानं.”

कौसल्या दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी तिचं हसू थांबलं, कारण भिकाजीनं गमतीगमतीत नेमकं बोट ठेवलं होतं. आजवर वीज कुणाची नव्हती, म्हणून तिच्यासाठी कुणी जबाबदार नव्हतं. आता प्रत्येक विजेला एक माणूस लागला होता. मंडळाच्या नोंदीतही तसा रकानाच आला: ‘वाट कोणी दिली’. त्या मोसमात त्यात दोनशे सत्तावीस वेळा कौ. दि. ढवळे असं लिहिलेलं आहे.

दुसऱ्या मोसमाच्या तोंडावर टॉवर पाच जुना पाडून नव्यानं उभा राहिला. यंत्रं परदेशी, शेल्टर वातानुकूलित, आणि देखरेखीला सल्लागार म्हणून, निवृत्तीनंतरही निवृत्त न झालेले, आपले उदगीरकर साहेब. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी कौसल्या आणि सादिक तांबोळी तिथलं अर्थिंग मोजायला गेले. सादिक टॉवरवर चढणारा माणूस. बारा वर्षं तिच्याबरोबर. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि जिभेनं दहा वर्षांनी मोठा.

“ताई, मीटर खराब दिसतंय.”

“किती दाखवतंय?”

“दोन्ही अर्थिंगच्या बारमध्ये तेवीस ओहम. जोडलेलं असतं तर शून्याच्या आसपास यायला पाहिजे.”

कौसल्यानं वाकून बघितलं. भिंतीवर पट्टीसाठी पाडलेली भोकं होती, बोल्ट होते. पट्टी नव्हती.

“नकाशात आहे की,” सादिक म्हणाला. “कंपनीच्या माणसांनी बसवली पण होती, मी स्वतः बघितली. साहेबांनी काढायला लावली असणार. महागातल्या सुनेला आल्या आल्या वेगळी चूल.” मग त्याचा आवाज उतरला. “हे दिगंबरभाऊंसारखंच झालं ना, ताई?”

“हं.”

“रिपोर्ट टाकायला पाहिजे.”

“मी टाकते.”

सादिक ‘बरं’ म्हणाला. बारा वर्षांत त्यानं तिला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नव्हती.

रिपोर्ट तिनं लिहिला. दोन पानांचा, आकृतीसकट. पाठवला मात्र नाही. कारण मोजणीच्या दिवशीच सकाळी उद्घाटनाची पत्रिका आली होती आणि तिच्यात असं छापलं होतं, की वादळात शेल्टरमध्ये बसायला कर्मचारी नाहक घाबरतात, म्हणून ज्येष्ठ सल्लागार श्री. नरहर उदगीरकर स्वतः टॉवर पाचच्या शेल्टरमध्ये बसून आपल्या माथ्यावर वीज घेऊन दाखवतील. यानंतर मंडळाच्या चाळीस टॉवरांवर हीच पद्धत आणि वादळात माणूस आत बसणं सक्तीचं.

ती पत्रिका कौसल्यानं तीनदा वाचली. तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त नेमून दिलेलं काम करायचं होतं. साहेबांनी लेखी सांगितलेल्या वेळी, साहेबांनी लेखी सांगितलेल्या टॉवरवर, वीज आणायची. उभं कसं राहायचं ते तर साहेबांना सवयीनंच येत होतं. बोलताना रॅकवर हात टेकायची त्यांची लकब सगळ्यांना पाठ होती. चाळीस टॉवरांवरची माणसं वाचतील, ही सबबही तिला सुचली. पण ती दोन दिवसांनी सुचली, आणि ती सबब आहे हे तिला कळत होतं.

१९ मेला दुपारी ढग चढला. कोरडा, तांबूस, पोटात गुरगुरणारा. पाहुणे दोन किलोमीटर खाली पायथ्याच्या शाळेत, मोठ्या पडद्यासमोर. त्यांच्याजवळ वॉकी-टॉकी घेऊन सादिक. शेल्टरमध्ये साहेब एकटे. इस्त्रीचा सदरा, गळ्यात माइक. कौसल्या आपल्या खोलीत, पडद्यावर शेल्टरचा कॅमेरा, शेजारी हवेतला विद्युतदाब दाखवणारा आकडा. बारा हजारावर गेला, की किरण सोडायचा. आत्ता साडेसहा हजार होता.

“कौसल्या, तयार?” साहेबांचा आवाज आला. “आणि जरा नेम धरून हं. माझं डोकं थोडं विरळ झालंय, पण आहे तिथंच आहे.”

खाली शाळेत हशा झाला.

“तयार आहे, साहेब.”

साहेब रॅकपाशी गेले. उजवा हात टेकवला. शेजारी वरून उतरणारा ट्रे होता. भाषण रंगलं की डावा हात वर जायचा, तो तिथंच जाणार होता. कौसल्यानं श्वास सोडला. चौदा वर्षं ज्या चित्राचा तिनं नुसता विचार केला होता, ते चित्र पडद्यावर आपसूक जमून येत होतं. सात हजार दोनशे.

आणि इथंच, माणूस मरायला चार-पाच मिनिटं असताना, तिच्या डोक्यात एक अगदी हिशेबी विचार आला. उदगीरकर मेले तर काय होईल? हार होतील. अर्धा दिवस सुट्टी. टॉवर पाचला त्यांचं नाव. कुणीतरी रात्रीतून पट्टी बसवील, आणि पान अकरा आहे तसंच राहील, वर आणखी एक पान अकरा तयार होईल. मेलेला माणूस सही मागे घेत नाही. हा माणूस मेला, तर तो सुटला.

तिला एकदम राग आला. आधीच्यापेक्षा जास्त.

“साहेब,” ती माइकमध्ये म्हणाली, “अजून चार-पाच मिनिटं आहेत. पाहुण्यांना अर्थिंगचं जरा समजावून सांगा ना. आम्ही काय, मीटर धरणारी माणसं. तुमच्यासारखं कुणाला सांगता येतं?”

साहेबांना एवढं पुरे होतं. “चांगला प्रश्न,” ते म्हणाले, जरी तो प्रश्न नव्हता. “मंडळी, टॉवरचं अर्थिंग ही मोरी समजा. यंत्रांचं अर्थिंग हे देवघर. जगभर लोक ही दोन्ही जोडतात. मी जोडत नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या यंत्रांना मी मोरीला शिवू दिलेलं नाही.”

“एकदाही नाही, साहेब?”

“एकदाही नाही!”

“इथं पठारावर पण?”

“अगं, पठारावर सुरुवातच तशी केली मी. २०२८ साली, टॉवर एकवर. वरचे अधिकारी म्हणत होते जोडा. मी म्हटलं, नोकरी सोडीन पण पट्टी बसवणार नाही. आणि नाहीच बसवली.”

खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आठ हजार नऊशे.

“२०३१ पर्यंत नव्हतीच बसवलेली?”

“नव्हतीच. कशाला…” साहेब थांबले.

टाळ्याही थांबल्या, बहुतेक साहेब थांबले म्हणून.

“मग अहवालात पान अकरावर तीन वर्षं जुनी पट्टी लिहिली आहे ती कुठली, साहेब?” कौसल्याचा आवाज मीटरचा आकडा वाचल्यासारखा होता. “१४ मेला दिगंबर ढवळे मेले. १५ तारखेला मी पट्टी बघितली, कोरी करकरीत. चटईवर उभे राहिले नाहीत म्हणून मेले असं लिहिलंय तुम्ही. ते जिथं उभे होते तिथंच, तसेच तुम्ही आत्ता उभे आहात.”

साहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात त्यांनी रॅकवरून असा काढला, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. सल्लागार म्हणून लोक त्यांना हसत असतील, पण इंजिनिअर ते कच्चे नव्हते. चूक त्यांना बहुधा चौदा वर्षांपूर्वीच कळलेली होती. ती आपल्याही अंगाला लागू होते, हे आज कळलं.

“कौसल्या, वाट बदल.”

“कुणावर नेऊ?”

“कुठंही ने! दुसऱ्या टॉवरवर ने!”

वॉकी-टॉकी खरखरला. “ताई.” सादिक होता. मागं शाळेत खुर्च्या सरकल्याचे, माणसं उठल्याचे आवाज. “ताई, पट्टी अजून नाहीये तिथं? रिपोर्ट टाकला होता ना तुम्ही?”

कौसल्याचे डोळे आकड्यावर होते.

“ताई, टॉवर दोनवर घ्या. तुमच्याच डोक्यावर घ्या. तिथलं अर्थिंग आपण स्वतः केलंय, केसाला धक्का लागायचा नाही तुमच्या. एक बटण आहे, ताई.”

खरं होतं. एकच बटण होतं, हिरवं, तिच्या उजव्या हातापासून वीतभर. दहा हजार चारशे.

साहेब दाराकडे वळले होते. “बाहेर जाऊ नका,” ती म्हणाली. “उघड्या पठारावर अंगावर घ्याल.”

“मग काय करू? काय करू मी? मला दोन नातवंडं आहेत गं.”

“मलाही होतील कधीतरी. आजोबा कसे गेले ते विचारतील. नीट ऐका आता. कोपऱ्यात लाकडी स्टूल आहे. खोलीच्या मधोमध ओढा. अजून मागं. रॅकपासून लांब. वर बसा, पाय स्टुलाच्या दांडीवर, दोन्ही जुळवून. हात मांडीवर. भिंतीला शिवायचं नाही, यंत्राला शिवायचं नाही, कशालाच शिवायचं नाही. अगदी सोवळ्यात बसा, साहेब. आणि डोळे मिटू नका.”

“तू वाट बदलणार नाहीस?”

“नाही.”

“मी सही देतो! काय हवं ते लिहून देतो!”

“तुम्ही लिहून दिलेलं एक वाचलंय मी.”

सत्तर वर्षांचा माणूस स्टुलावर पाय जुळवून बसला. त्या मिनिटात खाली शाळेत जे दोनशे लोक होते, त्यांतला कुणीही खोकला नाही, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. सादिक मात्र ‘ताई, ताई’ म्हणत राहिला, पार शेवटपर्यंत. अकरा हजार आठशे. बारा हजार. कौसल्यानं टॉवर पाचचा किरण सोडला.

पडदा पांढरा झाला.

चार सेकंदांनी चित्र परत आलं. शेल्टरमध्ये धूर होता. ट्रे आणि रॅक यांच्यामधल्या हातभर हवेतून वीज आडवी गेली होती. रॅकची कड लोण्यासारखी वितळून खाली ओघळली होती. ज्या उंचीवर ती ओघळली, ती उंची माणसाच्या छातीची होती. स्टूल जागेवर होतं. साहेबही होते. तोंड उघडं, डावा कान रक्ताळलेला, दोन्ही हात मांडीवर.

ढग पुढं सरकल्यावर कौसल्या चालत टॉवर पाचवर गेली. साहेब अजून तसेच बसलेले. हात खाली घ्यायलाही त्यांना भीती वाटत होती. त्यांची नजर ओघळलेल्या लोखंडावरून हलत नव्हती.

“असाच… दिगंबर असाच?” त्यांनी विचारलं. या वेळी नाव बरोबर आलं.

“ते उभे होते.”

“सोडलंस मला,” साहेब म्हणाले.

“सोडलं नाही. दाखवलं,” कौसल्या म्हणाली, आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणायला तिनं खालून धावत आलेल्या सादिकला हाक मारली. सादिक आला, साहेबांना उचलून घेऊन गेला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

चौकशी तालुक्याच्या कचेरीत झाली. अधिकारी सबनीस बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लावलेल्या, कागदावर प्रेम करणाऱ्या. पहिलं काम पाऊण तासात उरकलं, कारण साहेबांचा कबुलीजबाब दोनशे माणसांनी ऐकला होता आणि साहेबांनी तो दवाखान्यातून पुन्हा लेखी दिला. पान अकरा रद्द झालं. नव्या पानावर लिहिलं होतं, मृत कर्मचाऱ्याची कोणतीही चूक नव्हती. अर्थिंग न जोडणं आणि नंतर पुरावा बदलणं, याला नरहर उदगीरकर जबाबदार. कौसल्यानं ते उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. दिगंबरच्या नावातला अनुस्वार बघितला. जागेवर होता.

“आता तुमचं,” सबनीस बाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “तीन रॅक जळाले. एकोणीस गावांचा सूचना-रेडिओ अकरा दिवस बंद. एक माणूस एका कानानं कायमचा बहिरा. हे बघा, कौसल्याबाई, इथं सगळ्यांना तुमच्याबद्दल वाटतं. मी असं लिहू शकते, की ढग अनपेक्षितपणे लवकर भरला आणि वाट बदलायला वेळ मिळाला नाही.”

“दोन मिनिटं वीस सेकंद होती. साहेबांनी वाट बदल म्हटल्यापासून. यंत्राच्या नोंदीत आहे.”

“नोंद कोण उघडून बघतंय?”

“मी बघितली असती,” कौसल्या म्हणाली. “तुमच्या जागी असते तर.”

सबनीस बाईंनी चष्मा काढला. “मग काय लिहू?”

“जाणूनबुजून, असं लिहा. अर्थिंग जोडलेलं नाही हे आठ दिवस आधी माहीत होतं, कळवलं नाही, तेही लिहा.”

“नोकरी जाईल. खटलाही होईल.”

“होऊ द्या.”

बाईंनी लिहिलं. कौसल्यानं वाचून सही केली. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिच्या मनाला काही टोचत नव्हतं. उलट, चौदा वर्षांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. जिन्यावरून ती झपझप उतरली.

खाली सादिक मोटरसायकलला टेकून उभा होता. साक्षीला आला होता, साक्ष देऊन झाली होती, तरी थांबला होता. बारा वर्षं तोच तिला स्टँडवर सोडायचा.

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं. पान बदललं. वाच ना.” तिनं कागद पुढं केला.

त्यानं घेतला, शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला. “दिगंबरभाऊंचं चांगलं झालं,” तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासूनच म्हटलं. मग जमिनीकडे बघत विचारलं, “एक सांगा. ते स्टुलावर बसवायचं आधीपासून ठरलं होतं?”

खोटं बोलायला हीच एक जागा होती. समोर लिहून घेणारं कुणी नव्हतं, आणि एका ‘हो’नं भागलं असतं.

“नाही,” कौसल्या म्हणाली. “ते भाषण सुरू व्हायच्या जरा आधी सुचलं.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी मी त्यांना मारणार होते.”

“म्हणजे मी तिथं ‘रिपोर्ट टाकायला पाहिजे’ म्हटलं, आणि तुम्ही ‘मी टाकते’ म्हणालात, तेव्हा.”

“हो. तेव्हाच.”

सादिकनं मान हलवली. लांबच्या माणसाच्या बातमीवर हलवावी तशी. तो वळला, गाडीवर बसला, किक मारली, आणि मागची जागा हातानं पुसली, रोज पुसायचा तशीच.

“बसा, मॅडम,” तो म्हणाला. “साडेपाचची गाडी सापडेल तुम्हाला.”